आगगाड्यांच्या खेळाची तबकडी

गेल्या हिवाळ्यात माझ्या पत्नीला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. वाचा शाबूत राहिली. चालणेही काही आठवड्यांत सुधारले. उजवा हात मात्र मागे राहिला. मनगटापर्यंत तो उचलला जाई. पुढे बोटे नुसती लोंबत. डॉक्टरांनी सांगितले की पहिल्या काही महिन्यांत बोटे कामाला लागली तर लागतील, नंतर आशा धरू नका. माणूस स्पष्ट बोलला, हे मला आवडले.

व्यायाम करून घेण्यासाठी आमच्या बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या घरी एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येऊ लागली. ती गुजराती. आमच्याशी दोन्ही भाषांची खिचडी करून बोलत असे. तिने पत्नीच्या तळहातावर रबरी चेंडू ठेवला.

"दाबो, बा. हजी, अजून थोडं!"

पत्नीने चेंडूकडे पाहिले. "मी काय लहान मूल आहे?"

"लहान मूल तर माझं ऐकतं, बा."

चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला. पुढच्या खेपेस तिने मळलेली कणीक मागितली, मग कपडे वाळत घालायचे चिमटे. पत्नी प्रत्येक वस्तू एकदा हाताळी आणि बाजूला सारी. शेवटी फिजिओथेरपिस्टने विचारले, "बा, तुम्हाला हातानं काय करायला गमतं ते सांगा. आपण तेच करू." माझी अपेक्षा होती की उत्तर विणकाम असेल.

"आगगाड्यांचा खेळ," पत्नी म्हणाली.

फिजिओथेरपिस्टने माझ्याकडे पाहिले. मला काहीही बोध झाला नाही.

"असं बघू नका," पत्नी मला म्हणाली. "कॉम्प्युटरवरचा. कॉलनीत होता आपल्याकडे."

कोयलीच्या रिफायनरीत मी उपकरण विभागात होतो. दाब, तापमान, प्रवाह मोजणारी यंत्रे नीट ठेवणे हे माझे काम. कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत असू. आमची मुलगी शाळेत असताना तिच्यासाठी संगणक घेतला होता आणि त्याबरोबर हा खेळ तबकडीवर, म्हणजे सीडीवर, आला होता. मुलीने तो थोडे दिवस खेळून सोडला. पुढे ती शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि नोकरी लागून तिकडचीच झाली. संगणक त्यानंतर झाकून ठेवलेला असतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी कामावर गेलो की दुपारी पत्नी त्यावर गाड्या सोडत असे. वर्षानुवर्षे. मी समजत होतो की ती झोपते.

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं? तुम्ही तुमची ड्यूटी केलीत, मी माझी."

तिचे वडील रेल्वेत सिग्नलच्या केबिनमध्ये होते. ती बडोद्याच्याच रेल्वे वसाहतीत वाढली. त्या खेळात एका स्टेशनाचा नकाशा असतो. चारी दिशांनी गाड्या येतात. रुळांचे सांधे बदलून, सिग्नल देऊन त्यांना एकमेकींवर न आदळता पार करायचे. एवढेच. इतकी वर्षे एवढेच करण्यात तिला काय मिळाले, ते मला समजले नाही. फिजिओथेरपिस्टला मात्र आनंद झाला.

"अंकल, माउस पकडायचा, आंगळीनं क्लिक करायचं, तेही वेळेवर! याच्यापेक्षा सारू काही नाही. गमे तेम करीने, काहीही करून लावून द्या."

अशा रीतीने माझ्या पत्नीचा हात त्या खेळावर येऊन ठेपला, आणि खेळ माझ्यावर.

तबकडी मुलीच्या जुन्या सामानात नव्हती. ती माझ्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी, तिच्या डबीत व्यवस्थित ठेवलेली सापडली. जुना संगणक कॉलनी सोडताना भंगारात गेला होता. मुलीने दिलेल्या लॅपटॉपला तबकडी घालायला खाचच नाही, हे मला तेव्हा प्रथम कळले. अलकापुरीतल्या दुकानातून मी तारेने जोडायचा ड्राइव्ह आणला. तबकडी आत सारली. ती गुणगुणली. पडद्यावर इंजिनाचे चित्र आले आणि त्याखाली एक पट्टी हिरवी होत सरकू लागली. पत्नी खुर्ची ओढून बसली.

अर्ध्याच्या थोडे पुढे गेल्यावर पट्टी थांबली. ड्राइव्ह कण्हल्यासारखा आवाज करू लागला. मग एक चौकट उमटली: फाइल करप्ट आहे, वाचता येत नाही.

मी पुन्हा सुरू केले. पट्टी त्याच जागी थांबली.

माझ्या कामात एक नियम होता. काटा चुकीचे दाखवू लागला तर तीन शक्यता असतात: काटा खोटा, मधली नळी तुंबलेली, किंवा आतला दाबच खरोखर तसा. यांपैकी कोणती, हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. येथे मला काटा कोणता आणि नळी कोणती हेच ठरवता येईना. दोष तबकडीत होता, ड्राइव्हमध्ये, तारेत, की लॅपटॉपमध्ये? चौकट फक्त फाइलला नावे ठेवत होती.

मी मुलीला फोन लावला.

"बाबा, डिस्क पुसलीत का?"

"पुसली."

"नीट?"

"मी अर्धवट पुसतो का?"

"बरं. मग अँटीव्हायरस जरा बंद करा. कधीकधी तोच अडवतो."

संरक्षक यंत्रणा बंद करून काम करणे माझ्या शिस्तीत बसत नाही. तिने ते दोनदा समजावले. मी बंद केली, प्रयत्न केला, पट्टी तेथेच अडली, मी यंत्रणा तत्काळ पुन्हा सुरू केली. मग मुलगी म्हणाली, खेळ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. लॅपटॉप माझा, खेळ माझ्या घरातला. मी वेगळा अधिकारी कशासाठी व्हायचे? झालो. फरक पडला नाही. तार दुसऱ्या खाचेत लावली. फरक पडला नाही. दुकानात नेऊन तबकडी त्यांच्या ड्राइव्हवर लावून पाहिली. तेथेही ती अर्ध्याच्या पुढे जाऊन कण्हली. तेथला मनुष्य म्हणाला, "काका, जूनी गेम छे, नवा विंडोजमां न चाले." हे पटले नाही. न चालणारी वस्तू अर्ध्यापर्यंत तरी का चालावी?

शेजारच्या फ्लॅटमधले निवृत्त गृहस्थ हे सारे उघड्या दारातून पाहत होते. "मूको ने, सोडून द्या, साहेब! नवी गेम लई लो," ते म्हणाले. थोड्या वेळाने ते टूथपेस्ट घेऊन आले. तबकडीला टूथपेस्ट घासली की ती चालू होते, असे त्यांच्या भाच्याने सांगितले होते. टूथपेस्टमध्ये बारीक रेतीसारखी पूड असते; तिने घासून कोणते उपकरण सुधारल्याचे मी पाहिलेले नाही. मी त्यांना चहा दिला आणि टूथपेस्ट परत दिली.

मुलीने इंटरनेटवर शोध घेतला. तो खेळ आता विकला जात नव्हता. त्याच्यासारखा दुसरा तिने फोनवर घालून दिला. पत्नीने डाव्या हाताने तो थोडा वेळ पाहिला आणि फोन पालथा ठेवला.

"काय झालं?"

"ह्यात सिग्नल आपोआप पडतात. मग मी कशाला?"

दिवस जात होते. फिजिओथेरपिस्ट येई, बोटे एकेक करून वाकवी, सरळ करी. तिने हात सोडला की बोटे पुन्हा लोंबत. ती जाताना दारात मला हळूच विचारी, "गेम लागली, अंकल?" मी नाही म्हणून मान हलवी. तिचे हसणे त्यानंतर थोडे कमी होई.

अखेरीस मुलीने एक सरळ चाचणी सांगितली: खेळ बसवू नका, तबकडीवरच्या साऱ्या फाइली नुसत्या लॅपटॉपवर उतरवून घ्या. हे मला समजले. नळीतून पाणी जाते की नाही, एवढेच पाहायचे. फाइली उतरू लागल्या, आणि एका फाइलपाशी अडकल्या. म्हणजे दोष खेळाच्या जुनेपणाचा नव्हता; आणि दुकानाच्या ड्राइव्हवरही तेच झाले होते, तेव्हा लॅपटॉपचा किंवा माझ्या ड्राइव्हचाही नव्हता. दोष तबकडीत होता. पण ती तर मी रोज पुशीत होतो. गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला.

"व्हिडिओवर दाखवा बरं डिस्क," मुलगी म्हणाली. मी ती फोनसमोर धरली.

"दुसरी बाजू."

मी उलटवली.

"बाबा, ते लाल काय आहे?"

तो डाग मी पाहिला नव्हता असे नाही. पण घरातल्या प्रत्येक पान्यावर तसा डाग होता आणि एकही पाना त्यामुळे बंद पडला नव्हता. शिवाय ती तबकडीची खालची, बैठकीची बाजू. ज्या बाजूला छापलेले असते ती वाचायची, असे मी आयुष्यभर पाहत आलो. मी पुसत होतो ती काळी, छापील बाजू.

"वाचतात ती चकचकीत बाजू, बाबा! छापलेलं नुसतं लेबल असतं." मग ती ओरडली, "आई! तू सीडीला कुंकू लावलंस?"

"दसऱ्याला लावायचं नाही तर कधी लावायचं?" पत्नी आतून म्हणाली.

हे थोडे सांगणे भाग आहे. आमचे पूर्वज संस्थानच्या घोडदळात होते. तलवार थोरल्या घराकडे राहिली. आमच्याकडे खंडेनवमीला शस्त्रे म्हणून मांडली जातात ती पोट भरायची साधने: पाने, मापे, शिवणयंत्र, विळी. गुळगुळीत पोलादावर कोरडे कुंकू ठरत नाही, म्हणून आमच्या घरात आधी मेणाचे बोट लावतात आणि त्यावर कुंकू. खेळ तेव्हा जुन्या संगणकात भरलेलाच होता. मांडणी पत्नी करी; तबकडी वर्षातून एकदा, पूजेपुरती डबीतून निघे, आणि माझे तिच्याकडे लक्ष गेले नव्हते. वर्षामागून वर्षे एकाच जागी मेण चढत गेले.

"पण ह्याच बाजूला का?" मुलीने विचारले.

"काळ्यावर कुंकू दिसतं का? ह्या बाजूला कसं उठून दिसतं." पत्नी दारात येऊन उभी राहिली होती. "तुझ्या बाबांची हत्यारं मांडायची, तर माझं काय मांडायचं? विळी? ती तर साऱ्याच जणी मांडतात."

मुलगी हसत होती. मी हसलो नाही. या खेळाला ती हत्यार मानत होती हे ऐकून मी कोणत्या बाजूने विचार करावा ते मला सुचेना.

"बाबा, पुसून टाका आणि परत लावा. झालं काम."

"कुंकू पुसायचं नाही," पत्नी म्हणाली.

"आई, अगं सीडीवरचं आहे ते!"

"कशावरचंही असो. आजारी मी. घरात ह्यांच्या हातानं कुंकू पुसलेलं मला चालणार नाही. खेळ राहिला तरी चालेल."

मी फोन ठेवला. खेळ राहिला तरी चालेल, असे ती म्हणाली होती. खेळ राहिला तर हात राहील, हे ती बोलली नव्हती, पण जाणत होती. मी तिच्या पाठीमागे ते करू शकलो असतो. तिने विचारले असते तर मला खोटे सांगावे लागले असते, आणि त्याचा सराव मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवपूजेला बसलो. पत्नीच्या आजारपणापासून ती माझ्याकडे आली होती. ताम्हनात बाळकृष्णाला ठेवून पाणी घातले. आदल्या दिवशीचे गंध-कुंकू पाण्याबरोबर निघून गेले. मी थांबलो.

"ऐकतेस का?"

"काय?"

"रोज देवाला स्नान घालतो. कालचं कुंकू जातं. त्याला आपण पुसणं म्हणतो का?"

"नाही म्हणत."

"मग तबकडीला स्नान घालू."

"वकिली कधी शिकलात?" ती म्हणाली. मग: "स्वयंपाकघरातलं पाणी नको. तांब्यातलंच घ्या. आणि नंतर नवं कुंकू लावायचं."

"काळ्या बाजूला."

"दिसणार नाही ते."

"आपल्याला माहीत असेल."

हे तिने मान्य केले.

पाणी कोमट करून घेतले. त्यात साबणाचा थेंब टाकण्यावरून थोडा वाद झाला, त्याऐवजी रिठ्याचे पाणी घेण्याचे ठरले. मुलीने बजावले होते की तबकडी गोल गोल पुसायची नसते, मधून बाहेर न्यायचे असते. गोल वस्तू सरळ रेघेत का पुसावी, याचे कारण तिने सांगितले, पण ते माझ्या ध्यानात राहिले नाही. मी एक रेघ ओढली. मेण फासले गेले. दुसरी ओढली, ते अधिक पसरले.

"द्या इकडे," पत्नी म्हणाली. "भांडं घासल्यासारखं काय करताय? देव आहे का कढई?"

तिने तबकडी डाव्या हाताने कडेला धरली आणि कोमट पाण्यात बुडवून मेण मऊ होऊ दिले. मग दुसरा हात लागेल हे तिच्या ध्यानात आले असावे. तिने उजवा हात उचलून ताम्हनात ठेवला. अंगठा तबकडीखाली गेला. तर्जनी वर टेकली, घसरली, पुन्हा टेकली. मग ती वाकली आणि मधून बाहेर, अगदी हळू, सरकली. पाणी किंचित तांबडे झाले.

मी तांब्या धरून तसाच बसलो. बोललो असतो तर ती थांबली असती असे मला वाटले. ते बरोबर होते की नाही, मला ठाऊक नाही.

तबकडी धोतराच्या जुन्या, मऊ तुकड्याने टिपली, सावलीत वाळवली, छापील बाजूला कुंकवाची कोरडी चिमूट लावून झटकली आणि ड्राइव्हमध्ये घातली. पट्टी सरकू लागली. अर्धी झाली. पट्टी त्या जागेवरून पुढे गेली. पुढे जातच राहिली. आणि अगदी शेवटाजवळ थांबली.

तीच चौकट. दुसरी फाइल.

मला आता काहीच उमगेना. कारण शोधले होते, कारण दूर केले होते, आणि दोष जागा बदलून पुन्हा उभा होता. तबकडी काढून उजेडात धरली. जेथे मेण होते त्याच्या बाहेरच्या अंगाला बारीक ओरखडे होते. कदाचित अक्षतांचे, कदाचित माझ्या पान्यांचे. ते धुऊन जाणारे नव्हते. मी पुन्हा लावली, पुन्हा तेथेच. मुलीचा फोन लागेना. ती कचेरीत असावी. चौकटीत तीन बटणे होती: पुन्हा प्रयत्न करा, काम सोडून द्या, दुर्लक्ष करा. पहिले मी पुष्कळदा दाबले होते. दुसरे दाबायचे नव्हते.

"तिसरं दाबा ना," पत्नी म्हणाली.

"ते दाबता येत नाही."

"का? मोडलंय?"

मी तिला सांगितले. कारखान्यात धोक्याची घंटा वाजली की तिचे कारण सापडेपर्यंत ती बाजूला सारायची नसते. लेखी परवानगीशिवाय तसे करणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसे. न वाचता आलेली फाइल कशाची आहे हे नावावरून कळत नव्हते. ती सांध्यांची असली तर? ब्रेकची असली तर?

"मग काय होईल?"

"गाड्या आदळतील."

"खेळातल्या." तिने खुर्ची पुढे ओढली. "लेखी परवानगी हवी ना? आणा कागद, अंगठा उठवून देते. सही काही येत नाही सध्या."

मी कागद आणायला उठलो नाही. माउस तिच्यासमोर सरकवला, इतके केले. तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यावर ठेवला. बाण पडद्यावर भरकटला, कोपऱ्यात गेला, परत आला, तिसऱ्या बटणावरून दोनदा पुढे गेला. नंतर त्यावर थांबला. तर्जनी बटणावर होती, पण दाब पडत नव्हता. तिच्या कपाळावर घाम आला. माझा हात पुढे झाला.

"हात काढा."

मी काढला.

क्लिक झाल्याचा आवाज इतका बारीक होता की मी आधी पडद्याकडे पाहिले. चौकट गेली होती. पट्टी शेवटास टेकली. स्टेशनाचा नकाशा आला, रूळ आले, सिग्नलचे खांब आले. काय नाही, ते थोड्या वेळाने कळले: आवाज नव्हता. गाडी येण्यापूर्वी या खेळात घंटा होते, असे पत्नी म्हणाली; ती होईना. गाड्या मुकाट्याने येत होत्या.

"आता डोळे उघडे ठेवावे लागणार," ती म्हणाली. तिला त्याचे वाईट वाटले की बरे वाटले, हे तिच्या स्वरावरून ठरवता आले नाही.

पहिली गाडी तिने सोडली. दुसरीला सिग्नल द्यायला बोट उशिरा गेले आणि दोन मालगाड्या एकमेकींसमोर येऊन उभ्या राहिल्या. तिने बोटाला उद्देशून काहीतरी पुटपुटले, जे मी येथे लिहीत नाही, आणि खेळ पहिल्यापासून सुरू केला. पुन्हा तेच झाले. पुन्हा सुरू केला. मी थोडा वेळ मागे उभा राहून कोणती गाडी कोठून येते ते समजून घेण्याचा प्रयत्न केला. ते समजले नाही. स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि तिचा कप घेऊन आलो.

"डावीकडे ठेवा," मान वर न करता ती म्हणाली. "उजवा हात कामात आहे."

मी डावीकडे ठेवला.